वाड्याच्या सागवानाची गिटार आणि बसलेलं पॉलिश: एका घरगुती कामाचा प्रकरण अभ्यास

ज्याच्या गिटारचं हे प्रकरण आहे त्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. खाली त्याला नुसतं ‘मालक’ म्हटलंय. लाकूड, सामान आणि कामाचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता त्या क्रमातच होता.

पार्श्वभूमी

मालक कोथरूडला आई-वडिलांसोबत फ्लॅटमध्ये राहतो. नोकरी संगणकावरची, गिटार कॉलेजपासून हातात. मामांचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला काढला तेव्हा कंत्राटदार लाकूड उचलायच्या आत त्याने तुळईचा एक तुकडा मागून घेतला. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत तो चिरून घेतला, दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या आणि त्यातून फेंडर कंपनीच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ या इलेक्ट्रिक गिटारच्या वळणाची बॉडी कापली. फळीत मोडके खिळे निघाले. लोखंडाभोवती सागवान काळं पडतं, तसं ते पडलंही होतं. तो डागाळलेला भाग नेमका पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या) खाचेत जाईल अशा बेताने त्याने साचा फिरवून ठेवला. पहिल्याच बॉडीला एवढं भान फार जणांना नसतं. नेक, म्हणजे गिटारची मान, मेपलच्या लाकडाची, तयार विकत घेतलेली. म्हणजे प्रश्न होता तो फक्त बॉडीच्या पॉलिशचा.

त्याला हवं होतं ते असं: सागाची रेषा स्वच्छ दिसावी, रंग मूळचाच राहावा आणि वरून हात फिरवला तर काच. शिवाय गिटार गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजली पाहिजे. बॉडी घासून तयार झाली तेव्हा मे संपत आला होता.

इथे लाकडाबद्दल थोडं सांगायला हवं. सागवानाच्या प्रत्येक वाढ-वलयाच्या सुरुवातीला मोठाल्या छिद्रांची रांग असते. फळी चिरली की ही छिद्रं लांबीच्या दिशेने उघडी पडतात आणि पृष्ठभागावर सुईने ओढल्यासारख्या चऱ्या दिसतात. कितीही घासलं तरी त्या जात नाहीत, कारण खाली आणखी असतातच. काचेसारखी चकाकी हवी तर या चऱ्या आधी कशाने तरी भरून पातळीत आणाव्या लागतात. वर सागवानाला अंगचं तेल असतं. दाराच्या चौकटीला ते वरदान ठरतं, पण वरून लावलेल्या थराला घट्ट धरू देत नाही.

मालकाने पॉलिशचं वेळापत्रक उचललं होतं ते आल्डर नावाच्या लाकडाच्या गिटारींचं. फेंडरने १९५६ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या बॉडीसाठी अॅश हे लाकूड सोडून बहुतेक आल्डर वापरायला सुरुवात केली. आल्डरची छिद्रं इतकी बारीक असतात की सीलरचे, म्हणजे छिद्रं बंद करणाऱ्या पातळ थराचे, एक-दोन हात मारले की भागतं. अॅशचं तसं नाही, तिथे फिलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लगदा, लागतोच. सागवान या बाबतीत अॅशच्या घरचं. म्हणजे वेळापत्रक एका लाकडाचं आणि बॉडी दुसऱ्याच लाकडाची, अशी सुरुवात झाली.

अडचण

फिलरसाठी मालकाने ओळखीतल्या एका पॉलिश मिस्त्रींना विचारलं. त्यांनी सांगितलेली पद्धत जुनी आणि चोख आहे: सॅंडिंग सीलरमध्ये चाकपावडर कालवायची, लाकडाच्या रंगाला जुळेल इतकी पिवडी (पिवळ्या रंगाची भुकटी) टाकायची, गोणपाटाच्या बोळ्याने रेषेला आडवं घासत भरायचं, वरचं पुसून घ्यायचं आणि थांबायचं.

“आठ दिवस हात लावू नका.”

“काका, हाताला तर तासाभरात सुकलं.”

“हाताला सुकलं दादा. आत नाही.”

मालक दोन रात्री थांबला. तोवर पावसाळा बसला होता आणि त्याला गणपती दिसत होते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याने बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला बॉडी टांगली आणि कॅनमधलं नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारायला घेतलं.

हे लॅकर म्हणजे आपल्याकडचे फर्निचरवाले ज्याला आजही ड्युको म्हणतात त्याच कुळातलं. ड्यूपॉन्ट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी ते बाजारात आणलं, पुढे फेंडरने गिटारींना लावलेले कितीतरी रंग याच डब्यांतले होते. ते वाळतं फक्त थिनर उडून, रासायनिक जमणं त्यात नाही. त्यामुळे नवा थर जुन्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. घरी काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे, पुढे त्याचा उपयोगही झाला. पण या प्रकरणातला मुख्य दोषही तिथूनच आला.

पहिला फटका पावसाचा. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओल्या थरात अडकते. जुलैतल्या एका दुपारी बॉडीवर दुधाळ पांढरी झाक पसरली. मालक घाबरला, पण हे दुरुस्त होण्यासारखं असतं. उघडीप मिळाली त्या दिवशी उशिरा उडणाऱ्या थिनरचा, दुकानात ज्याला रिटार्डर म्हणतात त्याचा, हलका फवारा मारल्यावर झाक गेली. एका संध्याकाळी ट्यूबलाइट लावून फवारलं तेव्हा पावसाळी पाखरं येऊन ओल्या लॅकरवर बसली. त्यांचे पंख चिमट्याने काढून जागा घासाव्या लागल्या. त्यानंतर काम फक्त दिवसा.

याच सुमारास आईने एक मुद्दा काढला तो सगळ्यात महत्त्वाचा होता. बाल्कनीला लागून स्वयंपाकघर, त्यात देवघर, आणि पलीकडे बाथरूममध्ये गॅस गिझर. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि ठिणगी कुठे आहे ते शोधून काढते. मुलगा फवारतोय आणि घरात समई तेवतेय, हे चालणार नव्हतं. फवारणी गच्चीवर गेली. खरं तर ती पहिल्या दिवसापासूनच तिथे असायला हवी होती. सेक्रेटरींची परवानगी काढायचा कंटाळा, एवढंच कारण होतं.

जुलैच्या शेवटी बॉडी पाहण्यासारखी दिसत होती. मला दाखवायला आणली तेव्हा पुढच्या बाजूवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जवळपास सरळ होतं. तीन आठवड्यांनी तीच बॉडी त्याच दिव्याखाली धरली तर प्रतिबिंबाची कड करवतीच्या दातांसारखी तुटलेली. नखाने आडवं ओढलं की प्रत्येक चरी लागत होती. काही चऱ्यांच्या तळाशी चाकपावडरीचे फिकट ठिपके उमटले होते. पॉलिश खाली बसलं होतं.

कारण सरळ आहे. फिलर बांधून ठेवणारा सीलर स्वतः नायट्रोसेल्युलोजचा, थिनरमध्येच विरघळणारा. तो आतून पूर्ण सुकायच्या आत वरून लॅकरचे ओले थर चढले. प्रत्येक थराच्या थिनरने फिलर पुन्हा मऊ केला. मग आठवडेच्या आठवडे हा थिनर हळूहळू उडत राहिला, आणि जिथे माल सगळ्यात जाड होता, म्हणजे छिद्रांत, तिथेच आकसणंही सगळ्यात जास्त झालं. मिस्त्रींची पद्धत चुकीची नव्हती. कपाटाच्या दाराला, मंद चमकेच्या पॉलिशखाली, पुरेसं थांबून ती उत्तम चालते. कपाटाकडे कुणी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तपासत बघत नाही.

कोणते पर्याय होते

गणपती तोंडावर होते, त्यामुळे पहिला निर्णय वेगळाच घ्यायचा होता: आत्ता दुरुस्त करायचं की आहे तशी जोडून वाजवायची? मालकाचा कल घाईघाईने आणखी थर मारण्याकडे होता. मी जोडण्याच्या बाजूने होतो. एक तर पावसाळा अजून संपला नव्हता. दुसरं म्हणजे गिटार एकदा पूर्ण जोडली की पॉलिशशी संबंध नसलेल्या चुका कळतात आणि शेवटचं पॉलिश चढायच्या आत त्या निस्तरता येतात. तसंच झालं. नेकची खाच लॅकरच्या थराने अरुंद झाली होती. नेक दाबून बसवताना खाचेच्या कोपऱ्यात लॅकर तडकलं. पिकगार्डच्या (बॉडीच्या पुढच्या बाजूवरच्या पातळ पट्टीच्या) दोन स्क्रूंभोवती ते टवका होऊन उचललं गेलं. गिटार कार्यक्रमात वाजली, छान वाजली, आणि लांबून कुणाला काही दिसलं नाही.

आवाजाबद्दल एक अवांतर. पातळ पॉलिशने लाकूड ‘श्वास घेतं’ वगैरे चर्चा मालकाने खूप वाचली होती. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन टिपतो. कोणतं पॉलिश निवडायचं हे ठरवताना आवाज हा निकष मी तरी धरत नाही. दुरुस्ती, टिकाऊपणा, सुरक्षितता आणि रूप यावरच ठरवावं.

दिवाळीपर्यंत विचाराला वेळ मिळाला. अगदी सोपा मार्ग म्हणजे काहीच न करणं. चऱ्या दिसणारं पॉलिश हा दोष आहे असं नाही, सागवानावर तर ते शोभतं. पण मग वर चकाकी नको, मंद चमक हवी. चकाकीखाली अर्धवट भरलेल्या चऱ्या म्हणजे धड हे नाही, धड ते नाही, आणि मालकाला खुपत होतं ते नेमकं तेच.

वरून लॅकर चढवत राहून चऱ्या बुजवणं शक्य असतं. मात्र खालचा फिलर अजून आकसत असेल तर नवं लॅकरही त्याच्यासोबत खाली जातं, आणि जाड झालेलं नायट्रोसेल्युलोज पुढे थंडी-उन्हाच्या फरकात तडकतं. हा मार्ग आम्ही लवकर सोडला.

नाना पेठेजवळ गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एकाने टू-के पीयू क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक पॉलियुरेथेन) मारून द्यायची तयारी दाखवली. हार्डनरने रासायनिकरीत्या जमणारा थर असल्याने तो कठीण होतो आणि आकसतोही कमी. पण खालचं सगळं काढून नीट भरण्याचं काम तो करणार नव्हता, ते मालकाकडेच राहत होतं. त्याचा डबा आणून घरी फवारण्याचा विचार मालकाच्या डोक्यात आला होता. तो मोडून काढावा लागला. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एकदा त्यांची दम्यासारखी अॅलर्जी जडली की आयुष्यभराची. साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

मिस्त्रींनी सुचवलेलं मेलामाइन स्वस्त आणि कडक, पण त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात. शिवाय जमल्यावर ते परत विरघळत नाही, म्हणजे थोडा भाग दुरुस्त करणं अवघड.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात कष्टाचा मार्ग: पुन्हा लाकडापर्यंत जायचं आणि ज्यात थिनरच नाही अशा गोष्टीने छिद्रं भरायची. म्हणजे इपॉक्सी. ते उडून नाही, जमून कठीण होतं, त्यामुळे आकसणं जवळजवळ नाही, आणि वरून लॅकरचा थिनर लागला तरी मऊ पडत नाही.

काय केलं

मालकाने एक गोष्ट मात्र स्वतःच्या डोक्याने ठरवली, आणि मला ती फार आवडली. काच फक्त पुढच्या बाजूला आणि कडांना. मागची बाजू उघड्या छिद्रांची, तेलाची. मागचा भाग पोटाला घासतो, घाम लागतो, तिथे चकाकी हवी कशाला? भरायचं क्षेत्र त्यामुळे बरंच कमी झालं.

लॅकर काढण्यासाठी थिनर भिजवलेल्या चिंध्या बॉडीवर पसरून त्यावर प्लास्टिक झाकलं. मऊ झालेला थर खरवडून, मग १२० आणि १८० नंबरचा पेपर. छिद्रांतली चाकपावडर काढायला पितळी तारांचा ब्रश रेषेच्या दिशेने चालवला. लोखंडी तार सागवानावर टाळलेली बरी. तुटलेले बारीक कण आत राहिले तर पुढे काळे डाग पडतात.

इपॉक्सीच्या दिवशी क्रम काटेकोर होता. आधी अॅसिटोनने पृष्ठभाग पुसायचा. पांढरा कपडा पिवळट-तपकिरी होऊन येतो, ते सागाचं तेल. आतलं तेल पुन्हा वर यायच्या आत, म्हणजे अॅसिटोन उडाल्यावर लगेच, इपॉक्सी लावायचं. पाच मिनिटांत जमणारं नाही, मंद जमणारं घ्यायचं, कारण छिद्रांत उतरायला त्याला वेळ लागतो. हेअर ड्रायरची ऊब दिली की ते पाण्यासारखं पातळ होतं आणि अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटतात. मग जुन्या एटीएम कार्डाची कड रेषेला तिरकी धरून भरायचं आणि त्याच कार्डाने वरचं जास्तीचं ओढून काढायचं. बॉडीवर इपॉक्सीचा थर हवाच नसतो. ते हवं फक्त छिद्रांत. हातात नायट्राइल मोजे, कारण इपॉक्सी कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की अंगावर उठायला लागतं.

दोन दिवसांनी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासलं. कुठे भरलंय आणि कुठे नाही हे तेव्हा चटकन दिसतं: घासलेला भाग मंद होतो, खोलगट राहिलेली चरी चमकत राहते. त्या चमकत्या रेघा जाईपर्यंत घासायचं नाही. तसं केलं तर भरलेली छिद्रं खालून पुन्हा उघडतात. थांबायचं, पुसायचं आणि दुसऱ्यांदा भरायचं. मालक इथे थांबला. दुसऱ्या हातानंतर नखाला काही लागेना.

मध्ये एक थर लाखेचा दिला. चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली हलवल्याविना ठेवली की मेण खाली बसतं. वरचं नितळ तेवढं ओतून घेतलं. मेण नसलेली ही लाख इपॉक्सीलाही धरते, सागवानालाही धरते आणि वरच्या लॅकरलाही. शिवाय इपॉक्सी घासताना कुठे लाकूड उघडं पडलं असेल तर रंगात फरक दिसतो, तोही लाखेने एकसारखा होतो.

वरचं पॉलिश पुन्हा नायट्रोसेल्युलोजच ठेवलं. आधीच्या सगळ्या त्रासानंतर हे विचित्र वाटेल, पण दोष त्याचा नव्हता. एखादी जागा बिघडली तर तेवढ्यावरच फवारून ती मिसळवता येते, हा गुण वरच्या दुसऱ्या पर्यायांत नाही. नोव्हेंबरची कोरडी हवा, गच्ची, थिनरची वाफ अडवणाऱ्या ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, पातळ थर आणि मध्ये तासांची विश्रांती. नेकच्या खाचेत या वेळी मास्किंग टेप होती. स्क्रूंच्या भोकांची तोंडं मोठ्या ड्रिल बिटने हातानेच किंचित पसरट करून घेतली, म्हणजे स्क्रू फिरताना लॅकर उचलत नाही.

मग बॉडी महिनाभर कपाटावर पडून राहिली. वॉटर पेपर १०००, १५००, २०००, पाण्यात साबणाचे थेंब, रबरी ठोकळा. भोकांजवळ पाणी नाही, तिथे टर्पेन्टाइन, कारण आत पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती पॉलिशला भेग जाते. हात टेकवायच्या उतारावर एका जागी पेपर आरपार गेला. कडा आणि उतारांवर हे होतंच. तिथे पुन्हा फवारून आठवडाभराने घासलं, जोड शोधूनही सापडत नाही. शेवटी रबिंग कंपाउंड.

मागच्या बाजूला उकळलेलं जवसाचं तेल, हात मारून पुसून. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात. मालकाने त्या दांडीवर पसरून पूर्ण वाळवल्या आणि मगच टाकल्या.

निकाल

पुढची बाजू त्याला हवी होती तशी झाली. पुढचा उन्हाळा उलटल्यावर पाहिली तेव्हा ट्यूबलाइटची कड सरळ होती. फार तिरपं धरलं तर एका जोडरेषेजवळ चऱ्यांचा हलका माग दिसतो. तिथे पहिल्या फेरीतली चाकपावडर पूर्ण निघाली नसावी. सागाचा रंग उन्हाने आणि इपॉक्सीने मिळून मधाळ झाला आहे. मागची आणि पुढची बाजू जिथे भेटते ती रेषा मागच्या गोलाईच्या काठावर आहे, हाताला कळते, डोळ्याला खटकत नाही. खर्चात सगळ्यात मोठा आकडा पॉलिशचा नव्हता, पेपरचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, तुळईच्या उरलेल्या तुकड्यावर पूर्ण प्रयोग. मालकाकडे हातभर फळी शिल्लक होती. तिच्यावर एकीकडे चाकपावडर, एकीकडे इपॉक्सी भरून लॅकर मारून महिनाभर ठेवली असती तर बॉडीला हात लावायच्या आत उत्तर मिळालं असतं. फवारल्याच्या दिवशी दोन्ही सारखेच दिसले असते. फरक कळायला तो महिना लागतोच.

मेमध्ये बॉडी तयार झाली तेव्हा दोन चांगले रस्ते होते. फिलर भरून पावसाळाभर तसाच सुकू देणं आणि लॅकर नोव्हेंबरवर टाकणं हा एक. त्यात मिस्त्रींचाच फिलर कदाचित चालून गेला असता. निदान बसणं पुष्कळ कमी झालं असतं. दुसरा म्हणजे गणपतीपुरतं नुसतं तेल लावून वाजवणं. मात्र तेल छिद्रांत शिरल्यावर ती इपॉक्सीने भरणं आणखी कठीण, म्हणून हा रस्ता धरला तर पुढे काचेचा हट्ट सोडावा लागला असता. मला विचाराल तर सागवानाच्या पहिल्या गिटारला तोच अधिक शहाणपणाचा होता. मालक हे मानत नाही.

मिस्त्रींना त्याने पद्धत विचारली, हेतू सांगितला नाही. ‘काचेसारखं हवंय, दिव्याखाली बघणार’ असं आधीच म्हटलं असतं तर ते फिलरचे दोन-तीन हात आणि पंधरा दिवस म्हणाले असते. नंतर गिटार पाहायला आले तेव्हा तसं म्हणालेही.

नायट्रोसेल्युलोजचं एक पथ्य पुढेही आहे. साध्या स्टँडचं रबर त्या लॅकरला लागून राहिलं की त्याच्याशी प्रक्रिया करून कायमचा चिकट डाग पाडतं. मालकाने स्टँडच्या दोन्ही हातांना आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली आहे. आता त्याच वाड्यातल्या एका खांबाच्या तुकड्यातून बेस गिटार करायचं चाललं आहे. फिलरचा प्रयोग या वेळी फळीवर आधी लावून ठेवला आहे, आणि बॉडी अजून कापलेली नाही.